पुढचा ऊस कुठून येणार? : साखर कारखान्यांच्या अध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
राज्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने.



आपल्या कारखान्याच्या गट ऑफिसात लागणीच्या नोंदी उघडल्या, तर जातीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ८६०३२ हा आकडा सर्वांत जास्त वेळा दिसेल. त्यातले पहिले दोन अंक सालाचे आहेत. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून आलेल्या या वाणाला कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने १९८६ चा क्रमांक दिला आणि १९९६ मध्ये तो ‘नीरा’ या नावाने महाराष्ट्रात प्रसारित झाला. त्यानंतर कारखान्यांचे बॉयलर बदलले, टर्बाइन बदलली, डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या, वजनकाटे संगणकाला जोडले गेले. रानातला ऊस मात्र बऱ्याच ठिकाणी राजीव गांधी पंतप्रधान असतानाचाच राहिला.

यात त्या वाणाचा काहीच दोष नाही. साखर चांगली, फारसा लोळत नाही, पाचट सहज सुटतं, खोडवा भरवशाचा. तीस वर्षं एखादी जात टिकते ती तिच्या गुणांवरच. पण तीस वर्षांत पाऊस बदलला, जमीन बदलली, विहिरींची पातळी बदलली, आणि या बदलांना पुरून उरेल अशी पुढची जात कुठून येणार, हा विषय कोणत्याही कारखान्याच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत मी अजून पाहिलेला नाही. ताळेबंद असतो, पोटनियम दुरुस्ती असते, विस्तारवाढीला मंजुरी असते. बेण्याचा विषय शेतकी खात्यावर सोडलेला असतो आणि शेतकी खातं तो पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटवर सोडतं.

मला म्हणायचं आहे ते थोडक्यात असं. उसाचा जनुकसंच वाचण्याचं अवघड काम जगातल्या शास्त्रज्ञांनी बऱ्याच अंशी पार पाडलं आहे. त्या वाचनातून आपल्या रानात काही उगवायचं असेल, तर त्याला लागतात मोजमापं: कोणता वाण, कोणत्या मातीत, किती पाण्यावर, कितव्या खोडव्यात किती टिकला. ही मोजमापं गोळा करायची यंत्रणा या राज्यात फक्त तुमच्याकडे आहे, आणि ती आज वजनाची पावती फाडण्यापलीकडे वापरली जात नाही.

आधी उत्तर प्रदेशाकडे पाहू, कारण आपल्याला ज्याची भीती वाटायला हवी ते तिथे घडून गेलं आहे. कर्नालच्या प्रादेशिक केंद्रात डॉ. बक्षी राम यांनी कोएलके ८१०२ आणि को ७७५ यांच्या संकरातून को ०२३८ हा वाण काढला. २००९ मध्ये तो प्रसारित झाला. टनेजही वाढलं आणि साखरही, आणि अशी जोडी फार क्वचित जमते. दशकभरात उत्तर प्रदेशातल्या ऊसक्षेत्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग या एका वाणाने व्यापला. राज्याचा साखर उतारा ९ टक्क्यांच्या आसपास असायचा, तो ११ टक्क्यांच्या वर गेला. डॉ. बक्षी राम यांना पद्मश्री मिळाली आणि ती योग्यच होती.

मग लाल कूज आली. ज्या बुरशीला हा वाण प्रसारणाच्या वेळी दाद देत नव्हता, त्याच बुरशीचं नवं रूप, शास्त्रज्ञांच्या यादीतलं सीएफ १३, पसरलं. कांड्या आतून लाल पडून उभे फड वाळू लागले. आता तिथले कारखाने तो वाण काढून टाका म्हणून गावोगाव सांगत फिरतात. रोग कुठेही येऊ शकतो. पण रानात पाच वाण असते तर एकाचं नुकसान झालं असतं. एकच होता, म्हणून सगळ्यांचं झालं. उसाची लागण टिपरीपासून होते, म्हणजे लाखो एकरांवर अक्षरशः एकच झाड उभं असतं, आणि बुरशीला एका ठिकाणी वाट सापडली की ती सगळीकडे सापडते. आपल्याकडे लाल कुजीचा जोर कमी आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. २००२ च्या सुमारास लोकरी मावा या किडीने सांगली-कोल्हापुरापासून पुढे काय केलं ते आपण पाहिलं आहे.

मग नवे वाण पटापट का येत नाहीत? यासाठी ते तयार कसे होतात हे पाहावं लागतं. पावसाळा सरताना कोइमतूरच्या राष्ट्रीय संकर उद्यानात उसाला तुरे येतात आणि राज्याराज्यांचे पैदासकार तिथे जाऊन आपापले संकर करतात. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने याच कामासाठी सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीला केंद्र उभारलं आहे. तुऱ्यातल्या भुरभुरीत बियांपासून रोपं करतात. एकाच आईबापाची दोन रोपं सारखी निघत नाहीत, त्यामुळे हजारो रोपं वाढवून त्यांतली काहीशे, मग काही डझन, मग चार-दोन अशी निवडत जावं लागतं. त्यानंतर वेगवेगळ्या केंद्रांवर दोन लागणी आणि एक खोडवा अशा चाचण्या होतात. संकरापासून प्रसारणापर्यंत दहा ते चौदा वर्षं सहज जातात. पैदासकाराने उमेदीत केलेल्या संकरातला वाण शेतकऱ्याच्या हाती पडतो तेव्हा तो निवृत्तीला आलेला असतो.

आणि या सगळ्या वाणांचं घराणं फार लहान आहे. कोइमतूरची संस्था १९१२ ची. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी तिथे जाड, गोड पण नाजूक उसाचा संकर नदीकाठच्या रानटी उसाशी, सॅकरम स्पॉन्टेनियमशी केला आणि १९१८ मध्ये को २०५ दिला. जावा बेटावर डच शास्त्रज्ञ त्याच सुमारास हेच करत होते. आज जगात पिकणारा जवळपास सगळा ऊस त्या मोजक्या संकरांचा वंशज आहे. गोडवा गोड उसाकडून आला. काटकपणा, फुटवे, खोडव्याचा दम आणि रोगाला तोंड देण्याची ताकद रानटी उसाकडून. आजच्या वाणांच्या जनुकसंचात गोड उसाचा वाटा सुमारे ८० टक्के आणि रानटी उसाचा १० ते १५ टक्के असतो. दुष्काळाशी आणि क्षारांशी झगडण्याचं बळ त्या छोट्या वाट्यात शोधावं लागतं. केरळातल्या कन्नूरला रानटी आणि जुन्या उसांचा जो संग्रह आहे, तो जगातल्या दोन मोठ्या संग्रहांपैकी एक आहे. त्यातला फार थोडा भाग आजवर आपल्या वाणांपर्यंत पोहोचला.

भात-गव्हाच्या पैदासकारांनी जनुकीय खुणा वापरायला सुरुवात केली तेव्हा ऊस मागे राहिला, आणि त्याला कारण होतं. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, उसाच्या वाणात १०० ते १३०. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असाव्यात तर इथे एकेका भागाच्या दहा-बारा. तलाठ्याने एकाच सातबाऱ्याच्या बारा नकला काढाव्यात, प्रत्येकीवर वेगळा फेरफार असावा आणि त्यातल्या बऱ्याच ओळी सगळीकडे सारख्याच असाव्यात, अशी ही स्थिती. कोणती ओळ कोणत्या नकलेतली हे जुन्या तंत्राने लावता येत नव्हतं. रियुनियन बेटावरच्या आर ५७० या वाणाचा तुकड्यातुकड्यांनी जुळवलेला पहिला आराखडा २०१८ मध्ये आला. त्याच वर्षी चीनमधल्या शास्त्रज्ञांनी रानटी उसाचा जनुकसंच मांडला, आणि मार्च २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आर ५७० चा बराचसा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. सुमारे दहा अब्ज अक्षरांपैकी पावणेनऊ अब्जांच्या आसपास. माणसाचा जनुकसंच तीन अब्जांचा आहे हे लक्षात घेतलं की कामाचा आवाका कळतो.

त्या कामाचं एक फळ लगेच दिसलं. आर ५७० हा वाण तपकिरी तांबेऱ्याला दाद देत नाही हे पैदासकारांना १९९० च्या दशकापासून माहीत होतं. त्यामागच्या जनुकीय भागाला ‘ब्रू १’ असं नावही दिलेलं होतं, पण त्यातली नेमकी जनुकं सापडत नव्हती. पूर्ण वाचन हाती आल्यावर तिथे शेजारी शेजारी बसलेली दोन जनुकं हे काम करत असावीत असं दिसून आलं. एका-दोन जनुकांवर चालणारा गुण असेल तर खूण मिळाली की काम सोपं होतं. रोप वीतभर असतानाच पान तपासून ते ठेवायचं की उपटायचं हे ठरवता येतं.

पण आपल्याला जे गुण हवेत ते इतके सरळ नाहीत. पाण्याची पाळी महिनाभर लांबली तरी फुटवे धरून ठेवणं, चोपण जमिनीत उगवून येणं, पुराच्या पाण्यात आठवडाभर उभं राहून पुन्हा सावरणं, निडव्यातही पहिल्या लागणीच्या जवळपास टनेज देणं. यातल्या प्रत्येक गुणामागे शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात असतो. तिथे एक खूण शोधत बसून भागत नाही. तिथे जनुकीय निवड नावाची पद्धत कामाला येते. ज्यांची रानातली वागणूक नीट मोजलेली आहे असे काही हजार वाण आणि रोपवंश घ्यायचे, त्यांच्या डीएनएवरच्या हजारो खुणा वाचायच्या आणि कोणत्या खुणांचा संच असला की ऊस कसा वागतो याचा हिशेब संगणकाकडून बसवून घ्यायचा. मग नव्या रोपाच्या पानावरून, ते रानात पूर्ण वाढण्याआधीच, त्याच्याबद्दल अंदाज बांधता येतो.

हा अंदाज ब्रह्मवाक्य नसतो. ऑस्ट्रेलियात सुमारे चार हजार रोपवंशांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टनेज आणि साखरेबद्दलच्या अंदाजाची अचूकता मध्यमच निघाली. तरीही त्या देशाने ही वाट सोडली नाही, कारण फायदा वेगळ्याच ठिकाणी आहे. आज पुढच्या संकरासाठी आईबाप निवडायला दहा वर्षांच्या चाचण्यांची वाट पाहावी लागते. अंदाज मध्यम असला तरी तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हाती येतो. तेवढ्या काळात जुन्या पद्धतीची एक पिढी होते, तिथे या पद्धतीच्या तीन होतात. शिवाय आधुनिक उसाच्या पिढ्याच मोजक्या असल्यामुळे गुणसूत्रांचे मोठमोठे तुकडे अजून अखंड आहेत. त्यामुळे कमी खुणांतही बराच वंश वाचता येतो. ज्या लहान घराण्याची मघाशी काळजी वाटली, त्याचा हा एक उपकार आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जनुकांचा विषय निघाला की सभेत कोणीतरी बीटीवर जातं. इंडोनेशियाने २०१३ मध्ये दुष्काळ सोसणारा आणि ब्राझीलने २०१७ मध्ये खोडकिड्याला तोंड देणारा जनुकांतरित ऊस मंजूर केला, हे खरं आहे. त्यावर जरूर वाद व्हावा. पण जनुकीय निवडीत बाहेरचं एकही जनुक घातलं जात नाही. संकर तेच, तुरे तेच, टिपरी तीच. फक्त निवडणाऱ्याच्या हाती जास्त माहिती असते. यासाठी कोणत्याही वेगळ्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

मग अडलं कुठे? मोजमापात. डीएनए वाचण्याचा खर्च वर्षागणिक उतरत गेला, रानात मोजण्याचा खर्च चढत गेला. ऑस्ट्रेलियातल्या मोजमापांवर बसवलेला हिशेब शिरोळच्या क्षारपड काळ्या जमिनीबद्दल किंवा माण-खटावच्या मुरमाड रानाबद्दल काही सांगू शकत नाही. त्यासाठी इथलीच मोजमापं लागतात. आणि पाडेगावचं केंद्र १९३२ पासून कितीही कसून काम करत असलं, तरी त्याच्या प्रक्षेत्रावर राज्यातली सगळी माती आणि सगळे ताण आणता येणार नाहीत.

तुमच्याकडे मात्र ते सगळं आहे. प्रत्येक सभासदाचा गट नंबर, लागणीची तारीख, जात, लागण की खोडवा, तोडीची तारीख, काट्यावरचं वजन. एकेका कारखान्याकडे अशा हजारो नोंदी दर हंगामात जमतात आणि वर्षानुवर्षं साठत आहेत. त्याला पावसाच्या आणि माती परीक्षणाच्या नोंदी जोडल्या, तर कोणत्या जातीने कोणत्या वर्षी कुठे दम टाकला हे कळण्याइतकी माहिती तिथे आहे. अलीकडे उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा बराच गाजावाजा झाला. पाणी कधी द्यायचं हे मोबाइल सांगतो, हे चांगलंच आहे. पण जे यंत्र आज पाण्याची वेळ सांगतं, त्याच तोडीचं गणित उद्याचा वाण निवडायलाही लागतं, आणि त्याचं खाद्य तुमच्या सर्व्हरवर धूळ खात पडलं आहे.

एक अडचण मात्र आहे आणि ती तुम्हा-आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. नोंदीत एक जात असते, रानात दुसरी. तोड लवकर मिळावी म्हणून, नोंद नाकारली जाऊ नये म्हणून, किंवा बेणं शेजारच्या गावातून आणलं आणि ते नेमकं कोणतं हे देणाऱ्यालाच माहीत नव्हतं म्हणून. नोंदी घेणारा चिटबॉय येतो, बांधावरून पाहतो, जे सांगितलं ते लिहितो. चुकीच्या नावाखाली नोंदलेलं टनेज कोणत्याही संगणकाला शहाणं करू शकणार नाही. म्हणून जनुकशास्त्राचा पहिला उपयोग अगदी साधा असायला हवा: बेणे मळ्यातल्या उसाची डीएनए ओळख पटवणं. काही मोजक्या खुणांवरून हा ८६०३२ आहे की दुसराच कोणी, हे नक्की सांगता येतं. पायाभूत बेण्यापासून ते गावच्या रोपवाटिकेपर्यंत ही तपासणी झाली, तर पुढच्या दोन-तीन हंगामांत नोंदवही आणि रान एकमेकांशी जुळायला लागतील.

नोंदी खोट्या का होतात याचंही उत्तर शोधायला हवं, आणि ते फुले २६५ च्या गोष्टीत आहे. पाडेगावने हा वाण २००७ मध्ये दिला. टनेज भरपूर, खोडवा चांगला, क्षारपड आणि चोपण जमिनीतही उभा राहणारा. कृष्णाकाठच्या ज्या रानांत दुसरा ऊस पिवळा पडायचा, तिथे शेतकऱ्यांनी तो आवडीने लावला. पण त्याच्यात साखर उशिरा भरते. अनेक कारखान्यांनी नोंदी घेताना हात आखडला, तोडीला मागे ठेवलं, काहींनी लावू नका असंच सांगितलं. कारखान्याच्या बाजूने पाहिलं तर हे समजण्यासारखं आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारचा किमान ऊसदर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरली होती आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढत होते. उतारा पडला की सगळंच गणित बिघडतं.

पण हे गणित अर्धंच आहे. उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी मोजला जातो, त्यामुळे जास्त साखरेचा ऊस देणाऱ्यालाही तोच दर आणि कमी साखरेच्यालाही तोच. शेतकऱ्याच्या हिताचं वजन, कारखान्याच्या हिताची साखर, आणि तगून राहण्याचा गुण कोणाच्याच हिशेबात नाही. २०२१-२२ मध्ये राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर झाली, २०२४-२५ मध्ये ८१ लाख टनांच्या आसपास. इथेनॉलकडे वळवलेला रस हे त्याचं एक कारण, पण २०२३ चा कोरडा पावसाळा आणि त्यामुळे घटलेली लागण हेही कारण. २०२४-२५ मध्ये अनेक कारखान्यांचा हंगाम शंभर दिवसही चालला नाही. उताऱ्याचे दोन-तीन दशांश वाचवायला आपण ताण सोसणारा वाण मागे ठेवतो, आणि ताणाच्या वर्षी गाळपाचे महिनेच गमावतो. या दोन्ही नुकसानांची बेरीज करून कोणता वाण खरोखर परवडतो, हे एखाद्या कारखान्याने मांडून दाखवलं तर मी ते वाचायला उत्सुक आहे. शिवाय रस थेट इथेनॉलला जात असेल तिथे दाणेदार साखरेपेक्षा एकूण शर्करा महत्त्वाची ठरते. १९९० च्या दशकातल्या कसोट्यांवर आजही वाण नापास करायचे का, याचा फेरविचार व्हायला हवा.

ऑस्ट्रेलियात प्रत्येक शेतकऱ्याच्या उसातली साखर गाडीगणिक वेगळी मोजली जाते आणि त्यावर पैसे मिळतात. आपल्याकडे लहान तुकड्यांचा आणि एकाच ट्रॉलीत दोन-दोन शेतकऱ्यांच्या मोळ्यांचा कारभार आहे, तेव्हा उद्या सकाळी ते सुरू होणार नाही. पण जातवार आणि गटवार नमुने घेऊन साखर मोजायला आजच्या प्रयोगशाळा पुरेशा आहेत.

पुढची गोष्ट जमिनीची. चाचणीचे प्लॉट नेहमी चांगल्या रानात घेतले जातात, कारण तिथे आकडे चांगले येतात. ताण सोसणारा वाण शोधायचा असेल तर वाईटात वाईट रान लागतं. शिरोळच्या दत्त कारखान्याने सभासदांच्या क्षारपड जमिनीत भूमिगत निचऱ्याचं मोठं काम उभं केलं आहे. अशा जमिनी सुधारताना क्षारांचं प्रमाण वर्षावर्षाला उतरत जातं. त्याच बांधाला लागून न सुधारलेला पट्टाही असतो. एका रोपवंशाला दोन्हीकडे लावून पानातलं सोडियम, उगवण आणि टनेज मोजलं, तर क्षार सोसण्याबद्दलची सर्वांत मोलाची माहिती मिळेल. तसेच प्लॉट टंचाईच्या भागात, जिथे उन्हाळ्यात दोन पाळ्या हुकतात, आणि २०१९ च्या पुरात बुडालेल्या नदीकाठच्या रानांत हवेत. अशा रानात ऊस मरण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथल्या शेतकऱ्याला एकरी हमी रक्कम द्यायला हवी. प्रयोगाचा धोका त्याच्या गळ्यात टाकू नका.

पैशाचं म्हणाल तर २०२४-२५ सारख्या पडत्या हंगामातही राज्यात साडेआठशे लाख टनांच्या आसपास गाळप झालं. आजच्या वर्गणीव्यतिरिक्त टनामागे एक रुपया बाजूला काढला तरी वर्षाला साडेआठ कोटी होतात. यात पाडेगाव, मांजरी आणि कोइमतूर या तिघांचा मिळून जनुकीय निवडीचा कार्यक्रम उभा राहू शकतो. अट एकच: तो निदान पंधरा वर्षांसाठी असावा. संचालक मंडळ पाच वर्षांत बदलतं, उसाचा वाण त्या वेळापत्रकावर येत नाही.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, पाण्याची. राज्यातल्या लागवडीखालील जमिनीचा लहानसाच भाग उसाखाली आहे आणि सिंचनाच्या पाण्यातला फार मोठा वाटा तो घेतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे कोणी विसरलेलं नाही. ताण सोसणारा ऊस आला म्हणून टंचाईच्या तालुक्यात नवं क्षेत्र आणि नवा कारखाना मागायचा, असं होणार असेल तर हा सगळा खटाटोप उलटा पडेल. आहे त्या क्षेत्रात पाणी वाचवायला तो वाण हवा, आणि वाचलेलं पाणी ज्वारी-हरभऱ्याला आणि गावाला मिळायला हवं. कमी पाण्यात तगणारा ऊससुद्धा शेवटी बारा ते अठरा महिने रानात उभा राहणारा ऊसच असतो.

दुसरी, मालकीची. सभासदांच्या नोंदींतून आणि त्यांच्या रानांतून घडलेलं ज्ञान कोणाच्या खासगी कुलपात जाऊ नये. नोंदी देताना नावं आणि गट नंबर काढून टाका, सभासदांची संमती घ्या, आणि यातून येणारा वाण सार्वजनिक संस्थेच्याच नावावर राहील असं लेखी ठरवा. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बेणं राखण्याचा, वापरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. त्याला धक्का लावणारा एकही करार या कार्यक्रमात नको.

हे सगळं कोणा एका कारखान्याने करण्यासारखं नाही, आणि सरकारने अध्यादेश काढून होण्यासारखंही नाही. या राज्यात कारखानदारांनी एकत्र येऊन १९७५ मध्ये मांजरीची संशोधन संस्था उभी केली, तेव्हाही कोणी जबरदस्ती केली नव्हती. म्हणून विनंती करून थांबत नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडता येईल असा ठरावाचा मसुदाच सोबत देतो. आवश्यक त्या दुरुस्त्या कराव्यात, पण विषय पत्रिकेवर घ्यावा.

“ही सभा असा ठराव करते की: (१) कारखान्याच्या सर्व बेणे मळ्यांतील व नोंदणीकृत रोपवाटिकांतील उसाची दरवर्षी डीएनए ओळख चाचणी करण्यात यावी व तिचा निकाल गट ऑफिसात लावण्यात यावा. (२) गेल्या दहा हंगामांच्या जातवार लागण, खोडवा, तोड व वजनाच्या नोंदी सभासदांच्या संमतीने, नावे वगळून, पाडेगाव व मांजरी येथील संशोधन केंद्रांना देण्यात याव्यात. (३) कार्यक्षेत्रातील क्षारपड, टंचाईग्रस्त व पूरग्रस्त जमिनीत प्रत्येकी किमान एक चाचणी प्लॉट कायमस्वरूपी राखण्यात यावा व संबंधित सभासदास हमी रक्कम देण्यात यावी. (४) कोणत्याही एका जातीचे क्षेत्र एकूण नोंदीच्या निम्म्याहून अधिक होऊ नये यासाठी बेणे वाटपाचे नियोजन करण्यात यावे, आणि ताण सोसणाऱ्या जातीस केवळ उताऱ्याच्या कारणावरून नोंद नाकारण्यात येऊ नये. (५) जनुकीय निवडीच्या संयुक्त कार्यक्रमासाठी टनामागे एक रुपया पंधरा वर्षे देण्यात यावा. (६) या कार्यक्रमातून निर्माण होणारे वाण सार्वजनिक मालकीचे राहतील.”

सूचक म्हणून माझं नाव घालायला मी तयार आहे. अनुमोदक माझ्या गावात सहज मिळतील.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद